हवेंतील नत्राचा ताळेबंद आणि भिंतीवरचें शेवाळ

ज्या गांवीं पाण्याचा जमाखर्च दरसाल ग्रामसभेपुढें मांडला जातो, त्या गांवानें आतां हवेचाही जमाखर्च मांडावयास लागावें, अशी सूचना आम्ही या लेखांत करणार आहों. गांव अर्थात् नगर तालुक्यांतील हिवरे बाजार. सूचना ऐकून कित्येक वाचक हंसतील हें आम्ही जाणून आहों. कारण तो जमाखर्च लिहिण्याकरितां आम्ही जो कारकून सुचवीत आहों तो कोणी पदवीधर नसून शेवाळ आहे.

प्रथम शब्दाचा घोळ निस्तरूं. आपल्याकडे शेवाळ या एकाच नांवाखालीं दोन निराळ्या वनस्पति मोडतात. तळ्याच्या पाण्यावर तरंगणारा बुळबुळीत थर ही एक. आणि श्रावणांत जुन्या भिंतीवर, ओढ्याकांठच्या खडकावर, झाडाच्या बुंध्यावर जी मखमलीसारखी हिरवी गादी चढते ती दुसरी. या दुसरीस नीट पाहिलें तर बारीक देठ व देठावर इवलीं पानें दिसतात. इंग्रजींत तिला मॉस म्हणतात. या लेखांत शेवाळ म्हटलें म्हणजे ही दुसरी समजावी.

या वनस्पतीस खरें मूळ नाहीं. खालीं जे तंतु दिसतात ते खडकास धरून राहण्यापुरते. पानांवर मेणचट थर जवळजवळ नसतो. त्यामुळें पावसाच्या थेंबांतून, धुक्यांतून, उडत्या धुळींतून जें कांहीं अंगावर पडेल तें ती सर्वांगानें शोषून घेते. गव्हाच्या ताटांतील नत्र जमिनींतून किती आलें, शेणखतांतून किती आलें आणि आकाशांतून किती आलें हें कोणास वेगळें काढतां यावयाचें नाहीं. शेवाळाच्या अंगांतील नत्र मात्र बहुतांशीं आकाशांतूनच आलेलें असतें. महसुलाच्या दप्तरांत आयुष्य घालविलेल्या आम्हांस या वनस्पतीचें कौतुक वाटतें तें याच कारणानें. ज्या खात्यांत एकच बाब जमा होते त्या खात्यांत घोटाळ्यास जागा कमी. शिवाय हा कारकून रजेवर जात नाहीं व बदलीही मागत नाहीं.

ही युक्ति प्रथम स्वीडन देशांत निघाली. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस रूलिंग व टायलर या दोघां शास्त्रज्ञांनीं रानांतील शेवाळ गोळा करून त्यांतील शिशासारख्या धातूंचें प्रमाण मोजलें, आणि कोणत्या मुलखावर हवेंतून किती धातु पडतो याचा नकाशा त्यावरून काढतां येतो हें दाखवून दिलें. पुढें १९९० पासून युरोपांतील अनेक राष्ट्रें दर पांच वर्षांनीं अशी शेवाळपाहणी करूं लागलीं. आपल्याकडील पीकपाहणीप्रमाणेंच हें काम. फरक एवढाच कीं तेथें पाहणी करणारा खरोखरच जाग्यावर जातो. २००५-०६ च्या पाहणींत धातूंच्या जोडीस नत्रही प्रथमच घेतलें गेलें. १६ राष्ट्रांतील सुमारें ३००० ठिकाणचें शेवाळ तपासण्यांत आलें. उत्तर फिनलंड व ब्रिटनचा उत्तर भाग येथें शेवाळांतील नत्र सर्वांत थोडें आढळलें. आणि जेथें दाट शेती, दाट जनावरें व दाट वस्ती आहे अशा पश्चिम व मध्य युरोपांत तें अधिक भरलें.

या पाहणींतील एक आंकडा शेतकरी बंधूंनीं लक्षांत ठेवण्यासारखा आहे. दर हेक्टरीं दरसाल १५ ते २० किलो नत्र आकाशांतून पडूं लागलें म्हणजे शेवाळ तृप्त होतें. त्यापुढें कितीही पडलें तरी त्याच्या अंगांतील प्रमाण फारसें वाढत नाहीं. आतां २० किलो म्हणजे किती? युरियाची पिशवी ४५ किलोची, तींत नत्र शेंकडा ४६. हिशेब केला तर एका पिशवींत २०.७ किलो नत्र. म्हणजे अडीच एकर रानावर दरसाल युरियाची एक अख्खी पिशवी कोणी न मागतां वरून ओतली जात असेल, तर शेवाळाचें पोट भरतें. युरोपांतील कित्येक भाग त्या मर्यादेपर्यंत पोंचलेले किंवा त्यापलीकडे गेलेले आहेत.

कोणी म्हणेल, फुकटचें खत पडत असेल तर दुःख कशाचें? हा प्रश्न आम्हांस आमच्या एका स्नेह्यानें खरोखरच विचारला. त्याचें उत्तर असें कीं तें फुकटचें नव्हे. तें कोणाच्या तरी शेतांतून, गोठ्यांतून किंवा धुरांड्यांतून निघालेलें असतें, आणि जें शेतांतून निघालें तें आधीं पैसे देऊन विकत घेतलेलें असतें.

हवेच्या शंभर भागांत ७८ भाग नत्र आहे, पण तें पिकास घेतां येत नाहीं. १९०९ सालीं हाबर या जर्मन रसायनज्ञानें हवेंतील नत्रापासून अमोनिया करून दाखविला, १९१३ त ओपाऊ येथें त्याचा कारखाना चालू झाला, आणि तेव्हांपासून मनुष्यानें हवेंतील नत्र बांधून जमिनींत घालण्यास आरंभ केला. आज जगांतील निम्म्या लोकांच्या तोंडचा घास त्यावर अवलंबून आहे असें म्हणतात. तेव्हां त्या विद्येची निंदा करण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु बांधलेलें सगळेंच नत्र जाग्यावर राहत नाहीं. युरिया ओल्या मातीवर पडला कीं मातींतील जंतूंच्या विकरामुळें त्याचा अमोनिया होऊं लागतो. माती चुनखडीची, ऊन कडक व खत वरच्यावर फोकलेलें असेल तर तो अमोनिया उडून जातो. स्थिति अगदीं प्रतिकूल असल्यास दिलेल्या नत्राचा तिसऱ्या हिश्श्याहूनही अधिक भाग असा जातो. आपल्या जिल्ह्यांतील काळ्या, चुनखडीयुक्त जमिनी व आपलें ऊन लक्षांत घेतां याहून अधिक सांगण्याची जरूर नाहीं. २०१५ पासून देशांतील सर्व युरियास कडुनिंबाचा लेप सक्तीचा झाला हें खरें. पण त्या लेपाचें काम जमिनींत नायट्रेट होण्याची क्रिया मंद करणें हें आहे. वरून फोकलेल्या खताचा अमोनिया उडणें त्यानें थांबतें असें समजून कोणीं निर्धास्त राहूं नये.

युरियाच्या पिशवीस शेतकरी जें देतो तें अडीचशे-पावणेतीनशे रुपयांच्या आसपास. तिची खरी किंमत त्याच्या कित्येक पटींनीं अधिक असून ती वरची रक्कम सरकारी खजिन्यांतून भरली जाते. स्वस्त वस्तूचा हिशेब कोणी ठेवीत नाहीं. पाण्याचेंही पूर्वीं असेंच होतें.

येथें हिवरे बाजारचा संबंध येतो. सरासरीनें अवघा ४०० मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडणारें हें गांव. १९८९ सालीं श्री. पोपटराव पवार सरपंच झाले, १९९४ त गांव आदर्श गांव योजनेंत आलें, आणि कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी व श्रमदान या पंचसूत्रीवर गांवानें आपली डोंगरउतारें बांधून काढलीं. हें सर्व वाचकांस तोंडपाठ आहे. २०२० सालीं श्री. पवार यांस पद्मश्री जाहीर झाल्यापासून तर अधिकच. आमच्या मतें या सर्वांत मोठी गोष्ट बंधाऱ्यांची नव्हे, वहीची आहे. पाऊस किती पडला तो मोजावयाचा, विहिरींची पातळी पहावयाची, आणि सगळ्या गांवासमक्ष ठरवावयाचें कीं यंदा पाणी कोणत्या पिकास पुरेल व कोणत्यास पुरणार नाहीं. ऊंस व केळीं यांस बंदी, पिकाकरितां विंधनविहीर घेण्यास बंदी, हे निर्णय त्या वहीच्या बळावर टिकले. दुसऱ्या गांवांनीं बंधारे बांधले, पण वही ठेवली नाहीं; तेथें काय झालें तें आपण पाहतोंच.

आतां पाणी आलें, गवत आलें, गवताबरोबर दुभतीं जनावरें आलीं. ज्या गांवांत दिवसास दीडशे लिटर दूध निघे तेथें तें हजारों लिटरांवर गेलें. बागायत वाढली म्हणजे खतही आलें. जनावरांचें मूत्र व शेण, आणि पिकाचा युरिया, हीं दोन्हीं अमोनियाचीं मुख्य उगमस्थानें होत. यावरून त्या गांवची हवा बिघडली आहे असा अर्थ कोणीं काढूं नये. आमचें म्हणणें एवढेंच कीं ज्या गांवास मोजण्याची संवय आहे त्यानेंच हें मोजावयास घ्यावें. ज्यास ती संवय नाहीं त्यास सांगून उपयोग नाहीं.

शिवाय हिवरे बाजारचें सर्व वैभव गवतावर उभें आहे, आणि नत्राचा सर्वांत जुना धडा गवतानेंच दिलेला आहे. इंग्लंडांत रॉथॅमस्टेड येथें १८५६ सालीं एका कुरणाचे तुकडे पाडून त्यांस निरनिराळीं खतें देण्याचा प्रयोग सुरू झाला, तो आजही चालू आहे. ज्या तुकड्यांस खत दिलें नाहीं तेथें आजही नाना जातींचें गवत, फुलझाडें व द्विदल वेली एकत्र नांदतात. ज्यांस वर्षानुवर्षें अमोनियम सल्फेट दिलें तेथील माती आंबट झाली आणि दोनचार जातींनीं बाकीच्यांस हुसकून लावलें. चारा भाऱ्यांनीं अधिक निघाला, पण कुरण गेलें. आकाशांतून पडणारें नत्र थोडें असतें हें खरें; मात्र तें दरसाल पडतें, आणि ज्या रानास कोणी खत देत नाहीं त्यावरही पडतें. चराईबंदी केलेल्या डोंगरावर कुऱ्हाड नेणारास गांव अडवूं शकतें. वाऱ्याबरोबर येणाऱ्या अमोनियास अडविणार कोण?

अमोनियाविषयीं आणखी एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. स्कॉटलंडांत व्हिम नांवाच्या दलदलीच्या माळावर २००२ पासून एक प्रयोग चालू करण्यांत आला. एका भागावर नत्र पाण्यांतून शिंपडलें, दुसऱ्यावर अमोनिया वायूच्या रूपानें वाऱ्याबरोबर सोडला. वायुरूप अमोनियानें तेथील शेवाळ व दगडफुलें थोड्याच वर्षांत मारलीं. पाण्यांतून दिलेल्या नत्रानें इतकें नुकसान केलें नाहीं. अशा अभ्यासांवरून युरोपीय तज्ज्ञांनीं मर्यादा ठरविल्या: शेवाळ व दगडफूल यांकरितां दर घनमीटर हवेंत वर्षाची सरासरी १ मायक्रोग्रॅम अमोनिया, आणि मोठ्या झाडाझुडपांकरितां ३. आपल्या देशाचें २००९ चें हवेचें प्रमाणपत्रक पाहिलें तर त्यांत अमोनियाची वार्षिक मर्यादा १०० मायक्रोग्रॅम आहे. ती मनुष्याकरितां ठरविली असेल, तिजविषयीं आमची तक्रार नाहीं. परंतु १ व १०० यांमधील सारें अंतर कायद्याच्या नजरेस दिसतच नाहीं, तें शेवाळास दिसतें.

आतां अडचणी. त्या झांकून ठेवणें हें आमच्या स्वभावांत नाहीं, आणि या विषयावर लिहिणारे कित्येक उत्साही लोक त्या झांकतात म्हणून येथें विस्तारानें सांगतों.

पहिली अडचण अशी कीं युरोपांत ज्या जातीचें शेवाळ वेंचतात तें थंड व ओल्या रानांत बारा महिने वाढतें, आणि त्याची दर वर्षाची वाढ वेगळी ओळखूं येते. तेथील नियम असा कीं गेल्या दोनतीन वर्षांची हिरवी वाढ तेवढी घ्यावी. आपल्या अवर्षणप्रवण तालुक्यांत शेवाळ पावसाळ्याचे चार महिने जागें असतें व मग करपून पडतें. तें त्या चार महिन्यांचीच साक्ष देणार. म्हणून युरोपचे आंकडे शेजारीं ठेवून तुलना करणें निरर्थक होय. तुलना गांवांतल्या गांवांत, एकाच जातीच्या शेवाळाची, एकाच पंधरवड्यांत व्हावी.

दुसरी अडचण जागेची. लोक सोईचें म्हणून विहिरीच्या चिऱ्यांवरचें शेवाळ खरवडून आणतील. तें कामाचें नाहीं. विहिरीच्या भिंतींतून झिरपणाऱ्या पाण्यांत जमिनींतील नायट्रेट असतें. तेथें आकाशाच्या खात्यांत जमिनीची रक्कम जमा होते. गोठ्याच्या पायथ्याचें, मोरीजवळचें, खताच्या खड्ड्याकांठचेंही तसेंच वर्ज्य. झाडाखालचें घेऊं नये, कारण पानांवरून गळणारें पाणी निराळें असतें. झाडाच्या पसाऱ्यापासून निदान तीन मीटर दूर असावें. मोठा रस्ता, वस्ती वा कारखाना यांपासून ३०० मीटर व लहान वाट अथवा एकटें घर यांपासून १०० मीटर अंतर ठेवावें, असा युरोपीय पाहणीचा दंडक आहे. वेंचणाऱ्यानें हातमोजे घालावे आणि तंबाखू ओढूं नये. (हा शेवटचा नियम नशाबंदीच्या गांवांत तरी जड जाऊं नये.)

ज्या ठिकाणीं शेवाळ मुळींच पुरत नाहीं तेथें दगडफुलानें काम भागतें. आपल्या घरोघर काळ्या मसाल्यांत पडणारें दगडफूल तेंच हें. बुरशी व शैवल यांच्या भागीदारींतून झालेली वनस्पति. झाडाच्या सालीवर तें वर्षानुवर्षें टिकतें, ऊन सोसतें. अमोनिया वाढला कीं सालीचा आंबटपणा कमी होतो. मग नत्रप्रिय जाती पसरतात आणि नत्र न सोसणाऱ्या नाहींशा होतात. डच देशांत जनावरांची दाटी असलेल्या भागांत हें स्पष्ट दिसून आलें आहे. येथें प्रयोगशाळाही लागत नाहीं. कोणत्या बुंध्यावर कोणत्या जाती आहेत हें दरसाल लिहून ठेवणें एवढेंच काम. त्यास जाती ओळखणारा एक जाणता मनुष्य मात्र हवा.

नत्र मोजण्याची रीत जुनी व प्रसिद्ध आहे. शेवाळ स्वच्छ निवडून ४० अंश उष्णतेवर सुकवावयाचें, दळावयाचें, आणि केल्डाल पद्धतीनें त्यांतील नत्र काढावयाचें. १८८३ सालीं कोपनहेगनच्या एका मद्यशाळेच्या प्रयोगशाळेंत धान्याकरितां ही रीत निघाली; आज चाऱ्यांतील प्रथिनें हिनेंच मोजतात. राहुरीस महात्मा फुले कृषि विद्यापीठ १९६८ पासून आहे. जेथें चारा व माती नित्य तपासली जाते तेथें मूठभर शेवाळ तपासणें अवघड जाऊं नये.

आमच्या जिल्ह्याची आणखी एक अनुकूलता आहे. पूर्वेकडे हें कोरडें पठार, तर पश्चिमेस अकोलें तालुक्याचा घाटमाथा. घाटघर व रतनवाडीकडे पाऊस हजारों मिलिमीटर पडतो, कळसूबाईचें १६४६ मीटरांचें शिखर ढगांत असतें, आणि तेथील खडक व बुंधे शेवाळानें मढलेले असतात. तुलनेस लागणारा स्वच्छ नमुना परदेशांतून आणावयास नको, एस.टी.नें एका दिवसांत आणतां येईल. उत्तरेकडे नैनिताल व मसुरीच्या डोंगरांत शेवाळावरून शिसें, जस्त इत्यादि धातु मोजण्याचें काम झालेलें आहे. सह्याद्रीनें मागें कां रहावें?

या सूचनेस एक आक्षेप निघेल, आणि तो आम्हांस महत्त्वाचा वाटतो. आधींच शेतकऱ्याच्या माथीं दोष थोडे नाहींत. आतां हवाही त्यानेंच बिघडविली असें म्हणावयास ही एक नवी सबब होईल, असें कोणी म्हणतील. आमचें म्हणणें नेमकें उलट आहे. पुरावा नसतो तेव्हांच दोष दुबळ्याच्या माथीं बसतो. मोटारी व धुरांडीं यांतून निघणारें नत्र आणि गोठ्यांतून व सांडपाण्यांतून निघणारें नत्र यांत जड व हलक्या नत्राचें प्रमाण निराळें असतें. शेवाळांत तें उतरतें. चीनमधील ग्वेयांग शहराभोंवतींचें शेवाळ तपासून, शहरांत सांडपाण्याच्या अमोनियाचा व बाहेर शेतीच्या अमोनियाचा हात कितपत आहे हें अशाच रीतीनें उलगडण्यांत आलें. अमेरिकेंत पोर्टलंड शहरीं २०१३ सालीं झाडांवरचे ३४६ ठिकाणचे शेवाळाचे नमुने घेतले, तेव्हां कॅडमियम या विषारी धातूचा उगम रंगीत कांच करणाऱ्या कारखान्यांपाशीं असल्याचें उघडकीस आलें. तोंपर्यंत त्यांजकडे कोणाचें बोट गेलें नव्हतें. ज्या शेतकऱ्याचें खातें स्वच्छ आहे त्यास तपासणीचें भय नसावें. ज्याचें नसेल त्याचें आधीं स्वतःचेंच नुकसान होत आहे.

नुकसान थांबविण्याचे उपाय नवे नाहींत. युरिया फोकूं नये, पाभरीनें मातीआड द्यावा किंवा देऊन लगेच कोळपून झांकावा. एकदम न देतां हप्त्यांनीं द्यावा. देऊन पाणी द्यावयाचें तर त्याच दिवशीं द्यावें. उकिरडा उघडा न ठेवतां खड्डा करून मातीनें लिंपावा, मूत्र काडीकचऱ्यांत मुरवावें. मटकी, मूग, हुलगा हीं पिकें फेरपालटांत ठेवावीं. तीं आपलें नत्र आपण बांधतात. हें सर्व आमचे वाडवडीलही सांगत. उणीव होती ती एवढीच कीं केल्यानें किती फरक पडला हें दाखविणारें दप्तर नव्हतें. २०१९ च्या ऑक्टोबरांत कोलंबो येथें अनेक राष्ट्रांच्या प्रतिनिधींनीं नत्राचा अपव्यय २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचा संकल्प केला. संकल्प कोलंबोस झाला तरी नत्र उडतें तें गटनंबरांतून, आणि गटनंबराच्या नमुना बारांत पीक लिहिण्यास रकाना आहे, युरियाच्या पिशव्या लिहिण्यास नाहीं.

म्हणून आमची सूचना इतकीच. हिवरे बाजारनें तीन जागा निवडाव्या: एक बागायतीच्या बाजूस, एक गोठ्यांच्या वाऱ्याखालीं, एक वर बंदीच्या डोंगरावर. चौथी जागा घाटघरच्या बाजूस असावी. या तीनही जागांलगतच्या शेतांत यंदा युरियाच्या किती पिशव्या पडल्या तें शेतकऱ्यानें स्वतः लिहावें. पाण्याचा ताळेबंद वाचला जाईल त्याच सभेंत हे चार आंकडे वाचावे, आणि पहिलीं तीन वर्षें त्यांवरून कोणताही निर्णय घेऊं नये. एका वर्षाचा पाऊस दुसऱ्यासारखा नसतो. नमुने घेण्यास भाद्रपदाचा उत्तरार्ध योग्य, कारण शेवाळ तेव्हां भरलेलें असतें व ऑक्टोबरचें ऊन लागलेलें नसतें. अकोलें व नगर तालुक्यांतील ज्या सभासदांच्या रानांत अशी मोकळी, झाडापासून व गोठ्यापासून दूर असलेली शेवाळाची जागा असेल, त्यांनीं ती या पावसाळ्यांत पाहून ठेवावी आणि गटनंबरासह संपादकांकडे कळवावी.